खुराडे, कोंबडीच्या पिलांचे

परसातल्या कोंबडीपालनात पिलांना ऊब देण्यासाठी व रात्री कोंडण्यासाठी केलेली बंदिस्त जागा. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे बांबूचे डालगे आणि सारवलेल्या कुडाचे खुराडे, तर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात अँगल, जाळी व पत्रा यांचे खुराडे, असा ढोबळ फरक करता येतो. प्रस्तुत नोंद पहिल्या आठ आठवड्यांपुरती आहे.

कोंबडी प्रथम कोठे माणसाळली याविषयी मतभेद आहेत. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरील हाडांवरून भारतीय उगमाचे मत दीर्घकाळ मांडले गेले. उत्तर चीनमधील याहून बरेच जुने अवशेषही पुढे आले. परंतु ती हाडे कोंबडीचीच आहेत का, याबद्दल शंका घेतल्या गेल्या. २०२० मधील जनुकीय अभ्यासाने तांबड्या रानकोंबड्याच्या स्पॅडिसियस या उपजातीकडे, म्हणजे नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या टापूकडे बोट दाखवले. २०२२ मध्ये हाडांच्या फेरतपासणीतून थायलंडमधील बान नोन वात येथील अवशेष (इ. स. पू. सुमारे १६५० ते १२५०) सर्वांत जुने भरवशाचे ठरवण्यात आले. हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. मात्र पिवळ्या कातडीचे जनुक सह्याद्रीतही आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आले, असे २००८ च्या संशोधनात दिसून आले आहे. त्यामुळे एकच पूर्वज मानणे कठीण आहे. खुराड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की दोन्ही जातींचे पक्षी रात्री झाडावर बसतात. रात्री बसायच्या दांडीची कोंबड्यांना असलेली ओढ तिथली आहे.

ऊब : खुडूक (उबवणीला बसलेल्या) कोंबडीखाली दहा-बारा पिले सहज निभतात. यंत्रात उबवलेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर दिव्याने सुमारे ३५° से. तापमान द्यावे लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे ३° उतरवतात. तापमापकापेक्षा पिले अधिक खरे सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोची वासल्या तर उकडते आहे, आणि सगळी एकाच बाजूला सरकली तर कुठून तरी झुळूक येते आहे. दिव्याभोवती दीड फूट उंच पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे गोल कडे लावतात. कोपरा राहिला की पिले तिथे दाटतात आणि खालची गुदमरतात. दिवा वायरीवर न लोंबवता साखळीने टांगावा. तो तुसात पडला तर आग लागते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा दहा अंशांखाली उतरतो. अशा रात्री वीज गेली की कोळशाची शेगडी आत ठेवली जाते, पण बंद जागेत तिच्यातील कार्बन मोनॉक्साइड पिलांचा जीव घेतो. गोणपाटात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या बऱ्या.

गादी व हवा : फरशीवर किंवा चोपलेल्या जमिनीवर दोन-तीन इंच भाताचे तूस पसरतात. नुसता वर्तमानपत्राचा कागद घातल्यास पिलांचे पाय घसरून फाकतात व तसेच राहतात. तूस मुठीत दाबून पाहावे : लाडू वळला तर ते ओले, लगेच धूळ होऊन उडाले तर फार कोरडे. ओल्या व उबदार तुसात एक-दोन दिवसांत रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी संसर्गक्षम होतात. तीन ते आठ आठवड्यांची पिले तिला सर्वाधिक बळी पडतात. इगतपुरीच्या पावसात भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढावेच लागते.

थंडीत चारी बाजू गोणपाटाने झाकणे ही नेहमीची चूक. विष्ठेतून निघणारा अमोनिया आत कोंडतो. उभ्या माणसाला वास येत नाही, पण वीतभर उंचीवर वाकले की डोळे झोंबतात, आणि पिले तिथेच श्वास घेतात. म्हणून खालचे दोन-अडीच फूट झाकून छपराखालची वीतभर फट कायम उघडी ठेवावी.

जागा व दांडी : चार आठवड्यांपर्यंत पिलामागे अर्धा चौरस फूट, आठव्यापर्यंत एक. चौथ्या आठवड्यात वीतभर उंचीवर इंचभर जाड गोल दांडी द्यावी. लसीकरण पशुवैद्यकाच्या वेळापत्रकानुसार करावे.

जाळी : षट्कोनी कोंबडीजाळी पिलांना आत ठेवते, शत्रूंना बाहेर ठेवत नाही. इंचभर छिद्रातून लहान साप जातो, मांजर पंजा घालते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावावी. घूस भिंतीखालून पोखरते. त्यासाठी जाळी फूटभर खोल गाडावी, किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर माती व दगड टाकावेत. शेडनेट घारीसाठी पुरते, घुशीपुढे टिकत नाही. खिट्टी लाकडी फिरकीची नको, कडीला खिळा अडकवावा. संध्याकाळी दार लावले की निर्धास्त झालो, हा समज मुंगसाच्या बाबतीत खोटा ठरतो. ते दिवसा हिंडते, आणि दुपारी उघड्या दारातून आत शिरून एकाच वेळी अनेक पिले मारू शकते.