कॉमेकॉन (परस्पर आर्थिक साहाय्य परिषद)

सोव्हिएत गटातील समाजवादी देशांची आर्थिक संघटना (१९४९–९१). मार्शल योजनेची (युद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठीची अमेरिकी योजना) मदत घेण्याकडे चेकोस्लोव्हाकिया व पोलंडचाही कल होता, पण स्टालिनने त्यांना ती नाकारायला लावली. मग जानेवारी १९४९ मध्ये या दोघांसह सोव्हिएत संघ, हंगेरी, रुमानिया व बल्गेरियाने ही परिषद स्थापली. पुढे अल्बानिया, पूर्व जर्मनी (१९५०), मंगोलिया (१९६२), क्यूबा (१९७२) व व्हिएतनाम (१९७८) हे सदस्य झाले. अल्बानियाने १९६१ नंतर अंग काढून घेतले. पहिली दहा वर्षे परिषद बहुतांशी कागदावरच होती. तिची सनदसुद्धा १९५९ मध्ये झाली.

कामाची वाटणी हे तिचे मुख्य सूत्र. हंगेरीच्या इकारुस बसगाड्या आणि चेकोस्लोव्हाकियाच्या तात्रा ट्राम गटातल्या अनेक शहरांत धावल्या, ‘द्रुज्बा’ (मैत्री) वाहिनीतून सोव्हिएत तेल पूर्व युरोपात पोहोचले. मात्र १९६२ मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चॉव्हने सर्वांसाठी एकच नियोजन सुचवताच रुमानिया अडून बसला. आपण शेतीपुरते उरू, ही त्याची भीती रास्तच होती. एप्रिल १९६४ मध्ये त्याने विरोध जाहीर केला.

खरे दुखणे हिशेबात होते. प्रत्येक देशातल्या किमती सरकारच ठरवत असल्याने आपसातल्या व्यापारासाठी त्यांचा उपयोग नव्हता. म्हणून भांडवलशाही जगाच्या मागच्या काही वर्षांतील बाजारभावांची सरासरी आधाराला घ्यावी लागली. १९६४ पासून ‘हस्तांतरणीय रूबल’ हे आपसातल्या हिशेबाचे चलन आले, पण ते नावापुरतेच हस्तांतरणीय होते. हंगेरीचे पोलंडकडे येणे शिल्लक राहिले, तरी त्या रूबलांनी बल्गेरियातून माल मिळेल याची शाश्वती नसे. त्यामुळे जो तो दोघांपुरता हिशेब जुळवू लागला आणि तेल, धान्य, मांस असा पश्चिमेकडे डॉलरला खपणारा माल आपसात द्यायला नाखूश राहिला.

१९७३ नंतर जगभर तेल भडकले, तेव्हा या सरासरीने सदस्य देशांना काही काळ वाचवले. १९७५ पासून मागच्या पाच वर्षांची सरासरी दरसाल काढली जाऊ लागली. १९८६ मध्ये तेल कोसळले आणि तीच सरासरी उलटली: सोव्हिएत तेल जागतिक भावापेक्षा महाग पडू लागले.

१९८९ मध्ये पूर्व युरोपातील सत्ता बदलल्या. १ जानेवारी १९९१ पासून व्यवहार जागतिक भावाने व डॉलरसारख्या परिवर्तनीय (कुठेही बदलून मिळणाऱ्या) चलनात सुरू झाले. डॉलर कोणाकडेच पुरेसे नव्हते. आपसातला व्यापार ढासळला, वर्षानुवर्षे सोव्हिएत मागणीवर चाललेले कारखाने ओस पडले. २८ जून १९९१ रोजी बुडापेस्टमध्ये परिषद विसर्जित झाली. द्रुज्बा वाहिनीतून तेल मात्र पुढेही वाहत राहिले.