चढावर घड्याळ झाकून ठेवा

सपाट ट्रॅकवर कोणी चारशे मीटरचे इंटर्व्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत मारलेले वेगवान फेरे) मारत असेल तर त्याची पावलं लांबूनही ऐकू येतात. तोच माणूस चढाला लागला की पावलांचा आवाज दबतो आणि धाप ऐकू येऊ लागते. छातीला दोन्हीकडे सारखाच दम लागतो, म्हणून अनेक जण हे दोन व्यायाम एकमेकांच्या जागी बिनधास्त खपवतात. पायांचा हिशेब मात्र वेगळा असतो.

सपाटीवर आपण चेंडूसारखे उसळत जातो. पाऊल टेकलं की पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलीस कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि पाय उचलताना साठवलेली ऊर्जा बऱ्यापैकी परत करते. ही उसळी जवळजवळ फुकटात मिळते. चढावर पाऊल आधीच उंच जागी पडतं. शरीर खाली यायला वाव कमी, म्हणून कंडरेत साठायला ऊर्जाही कमी. वर अख्खं वजन उचलायचं असतं, ते काम मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांना आखडून करावं लागतं. थोडक्यात, सपाटीवर स्प्रिंग राबते आणि चढावर इंजिन.

याची किंमत मोजलेली आहे. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००२ साली वेगवेगळ्या उतार-चढांवर धावण्याचा ऊर्जाखर्च प्रसिद्ध केला. सपाटीवर दर किलो वजनामागे एक मीटर धावायला साधारण साडेतीन ज्यूल लागतात. त्यांच्या सूत्रात १० टक्के चढ घातला, म्हणजे १०० मीटरला १० मीटर उंची, तर हाच आकडा सहाच्या घरात जातो. ६० किलोच्या धावपटूला २०० मीटरच्या एका फेऱ्याला सपाटीवर ४२ किलोज्यूल पडतात, या चढावर ७२. उलट बाजूने बघा: सपाटीवर किलोमीटरला चार मिनिटांनी पळणाऱ्याने तेवढाच जोर लावला, तर इथे त्याला जवळजवळ सहा मिनिटं पन्नास सेकंद लागतील.

मी हे गणित न करता चढावर पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते, बघत पळालो आहे. मनगटावरचा आकडा लाजिरवाणा वाटला म्हणून रेटत गेलो आणि तिसऱ्या फेऱ्यात पोटरीचा गोळा झाला. तेव्हापासून चढावर घड्याळ बाहीखाली.

दबलेल्या आवाजामागेही मोजमाप आहे. गॉट्शॉल आणि क्रॅम या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये ९ अंशांच्या चढावर पाऊल आपटण्याचा धक्का सपाटीपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी नोंदवला. त्याच कोनाच्या उतारावर तो ५४ टक्क्यांनी जास्त होता. 'चढ सांध्यांना सोपा' हे खरं आहे, पण परत खाली येईपर्यंतच. वेळ वाचवायला धडाधड उतरणारे वर वाचवलेलं सगळं खाली उधळतात, शिवाय उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, त्याचं दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. चालत उतरा. (ट्रेडमिलचा एक खरा फायदा इथेच आहे: चढ मिळतो, उतार नाही.) अकिलीसची जुनी तक्रार असेल, तर मात्र चढही सौम्य नाही, कारण टाच खाली टेकत नाही आणि पोटरीवरचा ताण वाढतो.

मग चढच का करू नये कायम? कारण शर्यतीच्या वेगाला पाय जमिनीला जेमतेम शिवून सुटावा लागतो, पाऊल लांब पडावं लागतं, स्प्रिंग वेळेवर सुटावी लागते. चढावर पाऊल आखूड होतं आणि जमिनीवर जास्त वेळ राहतं. ताकद येते, पण त्या चालीची सवय होत नाही. शिवाय पाच किलोमीटरच्या शर्यतीचा पेस घड्याळ न बघता ओळखणं फक्त सपाटीवरच शिकता येतं.

माझं मत विचाराल तर निवड करण्यापेक्षा क्रम लावावा. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आधी महिनोन्‌महिने लांब धावा करून घेत, मग काही आठवडे चढ आणि त्यानंतरच ट्रॅकवरचा वेग. त्यांचा चढही जिवाच्या आकांताने पळण्याचा नसे; गुडघे उंच उचलत, उसळत, सावकाश पुढे सरकायचं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे दोन शिष्य, पीटर स्नेल ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग ५००० मीटरमध्ये, एकाच दिवशी सुवर्णपदक घेऊन गेले.

हौशी धावपटूला चार ते सहा टक्क्यांचा चढ आणि मिनिटभराचे सहा फेरे सुरुवातीला पुरेत. शेवटचा फेरा पहिल्यासारखाच गेला पाहिजे; कंबरेतून वाकायला लागलात की थांबा. महिन्याभराने ट्रॅकवर याल तेव्हा पहिले दोन-तीन फेरे पाय परके वाटतील. ताकद हाताशी असते, पण ती इतक्या झटपट कशी वापरायची ते पाय विसरलेले असतात. त्या दिवशी फेरे निम्मेच ठेवा, आणि आता घड्याळ बाहीबाहेर काढा.