ग्रीन कार्ड आणि सहा महिन्यांचा गैरसमज

"सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेत जाऊन आले की ग्रीन कार्ड शाबूत राहते," हे वाक्य जळगाव-धुळ्याकडे, मुलांकडे ये-जा करणाऱ्या आई-वडिलांच्या तोंडी वर्षानुवर्षे आहे. ते खरे नाही. हे कार्ड तेथे कायम राहणाऱ्यासाठी असते, त्यामुळे रावेरची केळीची बाग आणि सगळा संसार इकडेच ठेवून दर पाच महिन्यांनी पंधरा दिवसांची फेरी मारणाऱ्याला, वास्तव्य सोडल्याचे कारण दाखवून, विमानतळावर हरकत घेतली जाऊ शकते. सहा महिन्यांचा आकडा नागरिकत्वाच्या नियमातला आहे: त्याहून अधिक, पण वर्षाहून कमी सलग गैरहजेरी असल्यास वास्तव्य खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते (पुराव्याने ते खोडता येते), शिवाय सर्वसाधारणपणे पाच वर्षांपैकी किमान ३० महिने प्रत्यक्ष तेथे काढावे लागतात.

वर्षभर इकडे थांबायचे असेल, तर पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच करावा.

नागरिकत्वाच्या अर्जात पाच वर्षांतील २४ तासांहून मोठी प्रत्येक परदेशफेरी विचारलेली असते. "भाच्याच्या लग्नाचे आठ दिवस कशाला लिहायचे?" हा सल्ला तर फारच महागात पडणारा आहे; लांबलेला मुक्काम समजावून सांगता येतो, पण मुद्दाम लपवलेल्या मुक्कामामुळे मिळालेले नागरिकत्वही पुढे न्यायालयातून रद्द होऊ शकते.