युरोपियन प्रोसेसर इनिशिएटिव्ह

महासंगणकांना लागणारे प्रोसेसर युरोपातच आखले जावेत, यासाठी युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेला बहुराष्ट्रीय प्रकल्प. ‘ईपीआय’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. सुरुवातीला त्यात १० देशांतल्या २३ संस्था होत्या. पुढे ही संख्या तिसाच्या घरात गेली. समन्वयाची जबाबदारी तेव्हा एटॉस समूहात असलेल्या बुल या फ्रेंच कंपनीकडे सोपवली गेली. पहिल्या टप्प्यासाठी सुमारे ८ कोटी आणि २०२२ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यासाठी सुमारे ७ कोटी युरो मंजूर झाले. रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण एन्व्हिडिया या एकट्या अमेरिकी चिप-कंपनीचा २०१९ या आर्थिक वर्षातला संशोधनखर्च दोन अब्ज डॉलरच्या वर होता. प्रकल्पाच्या यशापयशाचा हिशेब मांडताना हा फरक विसरून चालत नाही.

पूर्वपीठिका. हवामानाच्या अंदाजापासून कणभौतिकीपर्यंत महासंगणकांचा भरपूर वापर युरोपात होत होता, पण यंत्रांच्या पोटातल्या चिप इंटेल, आयबीएम, एएमडी, एन्व्हिडिया या अमेरिकी कंपन्यांच्या असत. त्यातला धोका चीनच्या अनुभवाने उघड केला. २०१५ मध्ये अमेरिकेने काही चिनी महासंगणन केंद्रांना इंटेलच्या चिप विकायला बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी चीनने स्वतःच्या प्रोसेसरवर चालणारा ‘सनवे ताइहूलाइट’ जगात पहिल्या क्रमांकावर नेऊन ठेवला. मार्च २०१७ मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, पोर्तुगाल, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सात देशांनी रोममध्ये एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यातून युरोएचपीसी ही महासंगणनासाठीची संयुक्त संस्था उभी राहिली आणि तिच्या जोडीने प्रोसेसरचा विषयही मार्गी लागला.

पाटी अगदी कोरी नव्हती. बार्सिलोना सुपरकॉम्प्युटिंग सेंटरच्या पुढाकाराने २०११ पासून ‘माँ-ब्लाँ’ प्रकल्प चालू होता. मोबाइल फोनमधल्या, कमी वीज खाणाऱ्या आर्म चिप वापरून महासंगणक बांधता येईल का, हे त्यात तपासले गेले. जपानच्या फुगाकूने २०२० मध्ये आर्मवर आधारित प्रोसेसर घेऊन अव्वल क्रमांक मिळवला, तोवर युरोपातल्या संशोधकांनी या वाटेवर बरीच वर्षे घालवली होती.

दोन वाटा. ईपीआयने एकाच वेळी दोन निराळी कामे हाती घेतली. यंत्राचा मुख्य कारभार पाहणारा सर्वसाधारण प्रोसेसर आर्म कंपनीच्या, परवाना घेऊन वापरायच्या आराखड्यावर करायचा आणि जड आकडेमोड उरकणारा प्रवेगक रिस्क-फाइव्ह या खुल्या, म्हणजे परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या आज्ञासंचावर (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांच्या यादीवर). यांखेरीज मोटारींसाठीच्या संगणनाचा एक तिसरा पदर होता. त्यात बीएमडब्ल्यू आणि इन्फिनिऑन सहभागी होत्या.

ऱ्हीआ. पहिल्या वाटेवर लवकरच एक व्यावहारिक अडचण आली. अनुदानावर चालणारा संस्थांचा समूह चिप आखू शकतो, पण ती विकणार कोण आणि पुढची दहा वर्षे ग्राहकाला आधार देणार कोण? म्हणून पॅरिसजवळच्या मेझों-लाफित येथे ‘सायपर्ल’ ही कंपनी स्थापन झाली. प्रकल्पाचे व्यवस्थापन पाहणारे फिलिप नोतों तिचे संस्थापक. कंपनीची पहिली चिप ऱ्हीआ-१. तिच्यात आर्मचे ‘निओव्हर्स व्ही-१’ जातीचे ८० कोअर (स्वतंत्रपणे गणित करणारे गाभे), ६१ अब्ज ट्रान्झिस्टर आणि एचबीएम या वेगवान स्मृतीच्या चार थप्प्या आहेत. ही स्मृती प्रोसेसरला खेटूनच बसवतात, कारण वैज्ञानिक आकडेमोडीत गणित करणारे भाग बहुतेक वेळ विदेची (डेटाची) वाट पाहत रिकामे बसतात. नुसते कोअर वाढवून वेग वाढत नाही. (ग्रीक पुराणात ऱ्हीआ ही झ्यूसची आई, आणि व्ही-१ कोअरचे आर्ममधले सांकेतिक नाव होते झ्यूस. बारसे करणाऱ्यांनी विनोदबुद्धी शाबूत ठेवली होती.)

मूळ आराखड्यानुसार ही चिप २०२१–२२ च्या सुमारास हाती यायची होती. प्रत्यक्षात टेप-आउट, म्हणजे अंतिम आराखडा कारखान्याकडे सोपवण्याचा टप्पा, जुलै २०२५ मध्ये जाहीर झाला. दरम्यान कोअरची संख्या ७२ वरून ८० झाली आणि निर्मितीची प्रक्रिया ७ नॅनोमीटरवरून ६ वर गेली (आकडा जितका लहान तितकी प्रक्रिया नवी). भांडवल जमवायलाही वेळ लागला. सायपर्लला २०२३ मध्ये ९ कोटी युरो मिळाले आणि २०२५ पर्यंत ती फेरी १३ कोटींवर पूर्ण झाली. या क्षेत्रात चार वर्षांचा उशीर महागात पडतो. व्ही-१ कोअर वापरणारी ॲमेझॉनची ग्रॅव्हिटॉन-३ चिप २०२१ अखेरीसच जाहीर झाली होती.

उशिराचा सर्वांत बोचरा दाखला जर्मनीतल्या युलिश येथे आहे. युरोपचा पहिला एक्झास्केल महासंगणक ‘जुपिटर’ याचे तेथे ५ सप्टेंबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. एक्झास्केल म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतकी गणिते. ही ताकद येते एन्व्हिडियाच्या सुमारे २४,००० ग्रेस-हॉपर चिपमधून. ऱ्हीआ-१ साठी जुपिटरमध्ये वेगळा विभाग राखलेला आहे, १,३०० हून अधिक नोडचा (एकमेकांना जोडलेल्या संगणकांचा). पण यंत्र सुरू झाले तेव्हा चिपच तयार नव्हती. शिवाय ग्रेस-हॉपरमधल्या ग्रेस या प्रोसेसरचे कोअर आर्मच्या व्ही-२ जातीचे, म्हणजे ऱ्हीआच्या एक पिढी पुढचे.

ईपॅक. प्रवेगकाचे काम तुलनेने गाजावाजा न होता झाले, आणि बहुराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नेमके काय हे पाहायचे तर तेच पाहावे. २०२१ मध्ये आलेली चाचणी-चिप ईपॅक-१.० जेमतेम २७ चौरस मिलिमीटरची, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. तिच्यातला मूळ कोअर बार्सिलोनाच्या सेमीडायनॅमिक्सचा. त्याला जोडलेले व्हेक्टर एकक, म्हणजे एका आज्ञेत अनेक संख्या हाताळणारा भाग, बार्सिलोना सुपरकॉम्प्युटिंग सेंटर आणि क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठाने आखलेला. विशिष्ट गणिते झपाट्याने करणारा भाग जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थांचा आणि झुरिकच्या ईटीएचचा. हवी तितकी दशांशस्थळे वाढवून देणारा भाग फ्रान्सच्या सीईए या संशोधन संस्थेचा. सामायिक कॅशची (जवळच्या छोट्या, वेगवान स्मृतीची) व्यवस्था ग्रीसच्या फोर्थ संशोधन संस्थेची आणि स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाची. यातल्या व्हेक्टर एककात एका आज्ञेत दुहेरी अचूकतेच्या (६४ बिटांच्या) २५६ संख्या हाताळता येतात. इंटेलच्या एव्हीएक्स-५१२ या व्हेक्टर आज्ञासंचात अशा आठच मावतात. क्रे या अमेरिकी कंपनीच्या जुन्या महासंगणकांतली लांब व्हेक्टरांची कल्पनाच येथे नव्याने उचललेली दिसते.

इतक्या ठिकाणी आखलेले तुकडे एका सिलिकॉनवर एकमेकांशी नीट बोलतील, याची खात्री आधी कोणी देऊ शकत नव्हते. नमुने हाती आल्यावर त्यावर पहिला छोटा प्रोग्राम चालला आणि चिपने निरनिराळ्या भाषांत ‘हॅलो वर्ल्ड’ म्हटले. बाजारात विकण्याजोगी ही चिप नव्हती. २२ नॅनोमीटरची प्रक्रिया तेव्हाही जुनीच होती. मात्र व्हेक्टर एककाच्या रेखाटनापासून पडताळणीपर्यंतची कामे करू शकणारी माणसे या निमित्ताने तयार झाली. प्रकल्पाच्या पदरातली सर्वांत भक्कम कमाई हीच मानावी लागते.

स्वदेशीपणाची मर्यादा. ऱ्हीआतले कोअर आणि त्यांना जोडणारे जाळे आर्मचे. आर्मचे मुख्यालय ब्रिटनमध्ये, मालकीत मोठा वाटा जपानी सॉफ्टबँकेचा; त्यात प्रकल्प चालू असतानाच ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. चिप घडते तैवानच्या टीएसएमसीत. एचबीएमचे प्रमुख उत्पादक तीनच, दोन दक्षिण कोरियातले आणि एक अमेरिकेतला. उरते ते जुळणी, भौतिक रेखाटन, पडताळणी, वीज आणि सुरक्षेची व्यवस्था. हे काम किरकोळ नाही, पण उद्या कोणी परवाना रोखला किंवा तैवानच्या सामुद्रधुनीत जहाजे अडली, तर केवळ त्याच्या जोरावर यंत्रे उभी राहणार नाहीत.

भारताची स्थिती फार वेगळी नाही. अमेरिकी महासंगणक मिळवण्यात अडथळे आल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यातले प्रोसेसर मात्र ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. आता सी-डॅक आखत असलेल्या ‘ऑम’ या ९६ कोअरच्या प्रोसेसरमध्येही आर्मचा तोच व्ही-१ कोअर आहे.

पुढची पावले. परवान्याच्या प्रश्नावर युरोपने काढलेले उत्तर म्हणजे मार्च २०२५ मध्ये सुरू झालेला ‘डेअर’ हा प्रकल्प. बार्सिलोनाच्या नेतृत्वाखाली ३८ संस्था, पहिल्या टप्प्यासाठी २४ कोटी युरो, आणि आर्मला पूर्ण फाटा देऊन सगळे रिस्क-फाइव्हवर. सुरुवातीला यात तीन कंपन्यांकडे तीन चिपलेट (एकत्र जोडून मोठी चिप करायच्या छोट्या चिप) सोपवले गेले: व्हेक्टर प्रवेगक ओपनचिपकडे, कृत्रिम बुद्धिमत्तेचा भाग नेदरलँड्सच्या ॲक्सेलेराकडे आणि सर्वसाधारण प्रोसेसर कोडासिपकडे. म्हणजे ईपीआयमध्ये प्रवेगकापुरता ठेवलेला रिस्क-फाइव्ह आता मुख्य प्रोसेसरच्या जागी येणार आहे. कारखान्याचा प्रश्न मात्र डेअरच्या कक्षेत येत नाही.