थर्मंड कोणते आणि हेल्म्स कोणते? दोन कॅरोलिनांचे दोन सिनेटर

अमेरिकी राजकारणावर गप्पा चालू असल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘तो दक्षिणेतला कट्टर म्हातारा सिनेटर, कॅरोलिनाचा, तासन्‌तास भाषण ठोकणारा.’ यात दोन माणसं एकात मिसळलेली असतात. एक स्ट्रॉम थर्मंड, दक्षिण कॅरोलिनाचे. दुसरे जेसी हेल्म्स, उत्तर कॅरोलिनाचे. घोळ होणं साहजिक आहे. दोघंही आधी डेमोक्रॅट होते, मग रिपब्लिकन झाले. नागरी हक्कांच्या कायद्यांना दोघांचाही कडवा विरोध. दोघांनीही सिनेट सोडली ती एकाच दिवशी, ३ जानेवारी २००३ला.

पण वयात एकोणीस वर्षांचं अंतर आहे, आणि राजकारणाच्या जातकुळीत त्याहून जास्त.

थर्मंड यांचा जन्म १९०२चा, एजफील्डचा. शिक्षक, वकील, न्यायाधीश, मग नॉर्मंडीच्या चढाईत ग्लायडरमधून उतरलेले लष्करी अधिकारी, मग गव्हर्नर. १९४८मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नागरी हक्कांच्या धोरणावर चिडून ते डिक्सीक्रॅट (डेमोक्रॅट पक्षातून फुटलेला दक्षिणेतला) गटातर्फे थेट राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि चार राज्यं जिंकली. १९५४ची सिनेटची निवडणूक तर अफलातून. विद्यमान सिनेटर अचानक वारले, पक्षाच्या समितीने प्राथमिक निवडणूक न घेता परस्पर आपला उमेदवार ठरवला. थर्मंड यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंच नव्हतं. मतदारांनी ते हाताने लिहिलं आणि ते निवडून आले. मतपत्रिकेवर नाव छापलेल्या उमेदवाराला असं हरवून सिनेटवर पोचलेले ते पहिलेच. (आपल्या राज्यसभेसारखं आमदारांच्या मतांवर तिथे जाता येत नाही, लोकांकडूनच निवडून यावं लागतं, सहा वर्षांसाठी.)

हेल्म्स १९२१चे, मन्‍रो गावचे, वडील तिथले पोलीसप्रमुख. हे न्यायालयातून आले नाहीत, स्टुडिओतून आले. राज्याच्या राजधानीतल्या, रॅली शहरातल्या डब्ल्यूआरएएल वाहिनीवर १९६० ते १९७२ ते रोज संपादकीय वाचायचे. विद्यापीठं, आंदोलक, वॉशिंग्टनचं सरकार, सगळ्यांवर तोंडसुख. आज जिथे आयटीतल्या मराठी कुटुंबांनी रॅली-कॅरीत बस्तान बसवलंय, तिथल्या घराघरांत तेव्हा हा आवाज पोचत होता. १९७२मध्ये ते निवडून आले ते याच जोरावर.

आता ते गाजलेलं भाषण. ते थर्मंड यांचं. ऑगस्ट १९५७, नागरी हक्क विधेयक. सिनेटमध्ये विधेयक अडवायचं तर बोलत राहायचं, खाली बसायचं नाही; याला फिलिबस्टर म्हणतात. थर्मंड यांनी आधी स्टीम बाथ घेऊन अंगातलं पाणी कमी केलं, म्हणजे मध्येच बाहेर जावं लागू नये. मग उभे राहून त्यांनी राज्याराज्यांचे निवडणूक कायदे वाचले, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, जॉर्ज वॉशिंग्टन यांचं निरोपाचं भाषण वाचलं. एकूण २४ तास १८ मिनिटं. गंमत अशी की दक्षिणेच्या बाकीच्या सिनेटरांनी फिलिबस्टर न करण्याचं आधीच ठरवलं होतं, त्यामुळे तेही वैतागले. विधेयक थोड्याच वेळात मंजूर झालं. म्हणजे अडवलं काहीच नाही, घरच्या मतदारांना मात्र दिसलं. विक्रम टिकला २०२५पर्यंत. कोरी बुकर या कृष्णवर्णीय सिनेटरने तो मोडला.

दोघांना वेगळं ओळखायची माझ्या मते सगळ्यात पक्की खूण म्हणजे १९ ऑक्टोबर १९८३. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीला राष्ट्रीय सुट्टी द्यायची की नाही, यावर मतदान होतं. हेल्म्स यांनी किंग यांच्यावर कम्युनिस्टांशी संबंधांचे आरोप करणारा तीनशेएक पानांचा गठ्ठा सभागृहात आणला. न्यूयॉर्कचे सिनेटर मॉयनिहन यांनी तो जमिनीवर आपटला. विधेयक ७८ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झालं. हेल्म्स यांचं मत विरोधात. थर्मंड यांचं? बाजूने.

मतपरिवर्तन झालं असेल का? थोडंफार असेलही. पण १९६५च्या मतदान हक्क कायद्यानंतर दक्षिण कॅरोलिनात काळे मतदार मोठ्या संख्येने नोंदले गेले, आणि थर्मंड यांना वारा लगेच कळायचा. १९७१मध्येच त्यांनी कार्यालयात काळा सहाय्यक नेमला. कुणाची पेन्शन अडकली, कुणाच्या घरी दुःख झालं, की यांच्याकडून फोन किंवा पत्र जायचंच. १९८४मध्ये त्यांना दोनतृतीयांश मतं मिळाली.

हेल्म्स पाच निवडणुका जिंकले, पण ५५ टक्क्यांवर एकदाही गेले नाहीत. त्यांना अर्ध्याहून थोडी जास्त मतं पुरत होती, आणि ती उरलेल्या अर्ध्यांना डिवचून मिळवायची. १९९०मध्ये समोर होते शार्लटचे पहिले काळे महापौर हार्वी गँट. हेल्म्स यांची जाहिरात: गोऱ्या माणसाचे हात नोकरी नाकारल्याचं पत्र चुरगळतायत, आणि आवाज सांगतोय की ही जागा कोट्यामुळे दुसऱ्याला गेली. अत्यंत हिणकस, आणि परिणामकारक. (हेच गँट १९६३मध्ये क्लेमसन कॉलेजात शिरलेले पहिले काळे विद्यार्थी. थर्मंड त्याच कॉलेजचे पदवीधर.)

परराष्ट्र धोरणाची बातमी असेल तर ते हेल्म्स. क्युबावरचा १९९६चा हेल्म्स-बर्टन कायदा त्यांच्याच नावाचा. परराष्ट्र समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी नेमणुका अडवल्या, संयुक्त राष्ट्रांची वर्गणी रोखून धरली, ‘सिनेटर नो’ हे टोपणनाव मिरवलं. वाकले ते अगदी शेवटी: २००२मध्ये आफ्रिकेत आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखायला त्यांनी निधी मागितला. तोवर एड्सवरच्या सरकारी खर्चाला त्यांनी कडाडून विरोध केला होता.

आणि लपवलेल्या मुलीची गोष्ट थर्मंड यांची. बावीस वर्षांचे असताना घरी कामाला असलेल्या सोळा वर्षांच्या काळ्या मुलीपासून त्यांना १९२५मध्ये मुलगी झाली, एसी मे. शिक्षणाला पैसे दिले, नाव दिलं नाही. जून २००३मध्ये ते शंभरी ओलांडून वारले, डिसेंबरमध्ये तिने जाहीरपणे सांगितलं. दक्षिण कॅरोलिनाची राजधानी कोलंबिया, तिथल्या त्यांच्या स्मारकावर ‘चार’ मुलांचा उल्लेख कोरलेला होता; तो खोडून ‘पाच’ केला आणि तिचं नाव खाली जोडलं. नवं कोरीवकाम वेगळं ओळखू येतं.

हेल्म्स २००८मध्ये, ४ जुलैला गेले. त्यांच्या जागेवर एलिझाबेथ डोल आल्या आणि सहाच वर्षांत डेमोक्रॅट के हेगन यांच्याकडून हरल्या; त्यांनाही पुढच्याच निवडणुकीत रिपब्लिकनांनी पाडलं. थर्मंड यांच्या जागेवर लिंडसी ग्रॅहम आले, आणि २०२०मध्ये चौथ्यांदा निवडून आले.