शिडाच्या छोट्या होडीतलं कुजलेलं लाकूड: दुरुस्ती कशी होते

ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या उभ्या फळीच्या कोपऱ्यात रंग फुगला आहे आणि बोटाने दाबलं तर लाकूड आत दबतं. अशा जागी पुट्टी भरून वर रंग मारून द्या, असं ग्राहक पुष्कळदा सांगतात. ते काम आम्ही घेत नाही.

लाकूड कुजतं ते बुरशीने. ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकला आणि हवा मिळाली की ती वाढते. समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी तिला जास्त मानवतं. म्हणून आधी डेकच्या कडा, डोलकाठीचा पायथा, सेंटरबोर्डच्या (होडीच्या मधून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) पेटीचे सांधे आणि स्क्रूची भोकं तपासा. टोच्या सहज रुतला किंवा हातोडीचा आवाज बद्द आला, तर आत कूज आहे. वरून पुट्टी भरली की ओल कोंडते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

कूज लाकडाच्या रेषांच्या दिशेने लांब जाते. त्यामुळे दिसणाऱ्या कुजीच्या पुढे त्या दिशेने 10 ते 15 सेंमी चांगलं लाकूडही आम्ही कापतो. भोक पाहून धसका बसतो, पण इथे हात आखडला तर तीच जागा पुन्हा उघडावी लागते. मग सावलीत, वाऱ्यावर वाळवण. मीटरवर ओलावा 15 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव, लावत नाही. भर पावसाळ्यात हे जमत नाही.

नवा तुकडा तिरक्या सांध्याने बसतो. प्लायला जाडीच्या आठपट उतार: 6 मिमीला 48 मिमी, 9 मिमीला 72 मिमी. डोलकाठीच्या भरीव लाकडाला बारापट. टोकाला टोक भिडवलेला सांधा ताण आला की उघडतो, कारण तुटलेल्या रेषांची टोकं इपॉक्सी शोषून घेतात आणि सांधा कोरडा पडतो. म्हणूनच पहिला हात पातळ इपॉक्सीचा. त्यावर सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं मिश्रण. क्लॅम्प बेताचाच आवळायचा, नाहीतर सगळं इपॉक्सी बाहेर येतं. सागवान तेलकट असतं. चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसावं. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, इपॉक्सी मऊ राहतं.

प्लाय आयएस 710, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाच्या शिक्क्याचंच घ्या. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) प्लाय घरातल्या फर्निचरचं आहे, होडीच्या बुडाला चालत नाही.

स्क्रूचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरतो, मग त्यात स्क्रूच्या मापाचं नवं भोक. त्यामुळे पाणी स्क्रूवाटे लाकडापर्यंत पोचत नाही. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे तीन हात, वर रंग किंवा यूव्ही वार्निश, कारण उघडं इपॉक्सी उन्हात खराब होतं.

खर्चाचा पक्का आकडा कुजलेला भाग उघडल्यावरच देतो. होडी घरी नेल्यावर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी उंच ठेवा, पाणी काढायचं बूच उघडं ठेवा आणि ताडपत्री दोन्ही टोकांना मोकळी सोडा.