मधे टाळी? मोझार्टला चालायची!

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची पाश्चात्त्य रचना, ऐकायला जाणाऱ्या नवख्याला हटकून बजावलं जातं: दोन भागांच्या मधे टाळी नाही, ही शेकडो वर्षांची शिस्त आहे. सल्ला पाळा, पण त्यामागचा इतिहास खोटा आहे.

1778 मध्ये पॅरिसला संगीतकार मोझार्टच्या नव्या सिम्फनीचा पहिला भाग चालू असतानाच टाळ्यांचा कडकडाट झाला. ती जागा दाद घेणार हे हेरून पठ्ठ्याने ती शेवटी पुन्हा घेतलीच होती! अखेरचा भाग त्याने मुद्दाम नुसत्या व्हायोलिनांवर, हळुवार सुरू केला. लोक एकमेकांना ‘शूऽऽ’ करतात तोच सगळा वाद्यवृंद कडाडला, की पुन्हा टाळ्या. हे सारं त्यानेच वडिलांना खुशीत कळवलंय. मधल्या शांततेचा दंडक एकोणिसाव्या शतकात रुजत गेला आणि विसाव्यात पक्का झाला.